पाठविलेली पत्रे आणि न पाठविलेले एक पत्र

१ फेब्रुवारी २००३ च्या शनिवारी सायंकाळी हरियाणातील करनाल येथे एका शाळेत मुले आनंद साजरा करण्यासाठी जमली होती. त्यांच्याच शाळेत शिकलेली कल्पना चावला सोळा दिवसांचा अंतराळप्रवास आटोपून पृथ्वीवर परतत होती. तो आनंद साजरा झालाच नाही. भूमीवर उतरण्यास अवघी सोळा मिनिटे उरली असताना 'कोलंबिया' यान टेक्सासच्या आकाशात विखुरले आणि कल्पनासह सातही अंतराळवीर प्राणास मुकले.

दुर्घटनेचे तांत्रिक कारण लवकरच स्पष्ट झाले. १६ जानेवारीला उड्डाण झाल्यानंतर सुमारे ब्याऐंशी सेकंदांनी इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. पंखाच्या कडेला भगदाड पडले आणि परतीच्या वाटेवर वातावरणातील प्रचंड उष्णता तेथून आत शिरली. फोम आदळल्याचे दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसले होते. पुढचे दोन आठवडे नासाच्या कार्यालयांत या आघाताविषयी अनेक ई-मेल फिरत राहिले. चौकशी मंडळाने ते मिळविले, वाचले आणि २६ ऑगस्ट २००३ रोजी प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांतील कित्येक छापले. फोमचा तुकडा हे अपघाताचे जितके कारण होते, तितकेच कारण नासाची कार्यसंस्कृती हेही होते, असा त्या मंडळाचा निष्कर्ष आहे. ती संस्कृती या ई-मेलमध्ये स्वच्छ उमटली आहे.

या घटनेला दोन दशके उलटून गेली. तरीही ज्या ज्या कार्यालयात माणसे सकाळी संगणक उघडून पहिल्याने आपली पत्रपेटी पाहतात, त्या प्रत्येकाने त्यांतील तीन पत्रे लक्षात ठेवावीत अशी आहेत.

तीन पत्रांची कहाणी

पहिले पत्र रॉडनी रोशा या अभियंत्याचे. यानाच्या रचनेचा अभ्यास असलेल्या रोशा यांना पंखाची काळजी वाटत होती. अन्य यंत्रणांच्या साहाय्याने कक्षेतील यानाची छायाचित्रे घेता येतील का, अशी कळकळीची विचारणा त्यांनी २१ जानेवारीला ई-मेलने केली. परंतु ही विनंती मोहिमेचे निर्णय घेणाऱ्या यंत्रणेमार्फत न जाता अभियांत्रिकी विभागाच्या वाटेने गेली. त्यामुळे ती मोहिमेची तातडीची निकड न वाटता अभियंत्यांची इच्छा वाटली, असे चौकशी मंडळाने नोंदविले. छायाचित्रांसाठी वेगवेगळ्या मार्गांनी तीन विनंत्या झाल्या. एकही फळाला आली नाही.

दुसरे पत्र २३ जानेवारीचे, थेट यानातील कमांडर आणि वैमानिक यांना भूमीवरून पाठविलेले. फोम पंखावर आदळला आहे, मात्र परतीच्या प्रवासात त्यापासून कोणतीही चिंता नाही, असे त्यात कळविले होते. या पत्राचा विषय कोणता लिहिला होता? वृत्तमाध्यमांकडून येऊ शकणारा प्रश्न! ज्यांचे प्राण त्या पंखावर अवलंबून होते, त्यांना त्याची वार्ता मिळाली ती 'पत्रकारांनी विचारलेच तर माहीत असावे' अशा मथळ्याखाली.

तिसरे पत्र पुन्हा रोशा यांचे, २२ जानेवारीचे. छायाचित्रे न मागण्याचा निर्णय चुकीचा आहे, जवळजवळ बेजबाबदार आहे, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिले. पत्राची छापील प्रत काढली आणि एका सहकाऱ्याला दाखविली. पण ते पत्र त्यांनी पाठविले नाही. वरिष्ठांची उतरंड ओलांडून लिहिणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. ते पत्र जगाने वाचले ते अपघातानंतर.

पत्र गेले असते तर प्राण वाचले असते, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही. नुकसान लवकर ओळखले गेले असते, तर दुसरे यान पाठवून सुटकेचा प्रयत्न करणे अवघड, पण अशक्य नव्हते, एवढे मात्र चौकशी मंडळाच्या अभ्यासात आढळले.

कार्यालयीन ई-मेलचे सारे व्याकरण या तीन पत्रांत सामावले आहे. पत्र ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्याकडे गेले पाहिजे. त्याचा विषय खरा असला पाहिजे. आणि जे सांगणे हे कर्तव्य आहे, ते पाठविण्याचे धैर्य लिहिणाऱ्यापाशी असले पाहिजे. वेग, सोय, साठवणुकीची क्षमता या गोष्टी त्यानंतरच्या. आपल्याकडे मात्र ई-मेलचा विचार होतो तो बहुधा याच नंतरच्या गोष्टींपुरता.

आवक-जावक कारकून गेला

१९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एकाच खोलीतील दोन संगणकांमध्ये पहिला ई-मेल पाठविला. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट उपलब्ध झाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बँका, विमा कार्यालये, कारखाने, महाविद्यालये, सहकारी संस्था, सगळीकडे टपालाची जागा ई-मेलने घेतली. हा बदल इतक्या झपाट्याने झाला की, त्यात काय गळून पडले इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पूर्वी प्रत्येक कार्यालयात आवक-जावकचा एक कारकून असे. आलेले प्रत्येक पत्र तो उघडी, नोंदवहीत चढवी, त्यावर क्रमांक आणि दिनांक घाली आणि ते संबंधित टेबलावर पोहोचवी. साहेबांकडे कोणते न्यायचे आणि कोणते खालीच निकालात निघेल, हे त्याला अनुभवाने कळत असे. पत्राच्या माथ्यावर 'विषय' आणि 'संदर्भ' या दोन ओळी असल्याखेरीज पत्र बाहेर पडत नसे. तळाशी 'प्रत माहितीसाठी' आणि 'प्रत आवश्यक त्या कार्यवाहीसाठी' असा नेमका भेद केलेला असे. या साऱ्या उपचारांची 'लाल फीत' म्हणून चेष्टा झाली आणि तीत तथ्यही होते. पण त्या फितीत एक शहाणपणही बांधलेले होते. हे पत्र कोणाचे काम आहे, हे तिथे संदिग्ध राहत नसे.

आज प्रत्येक अधिकारी आणि प्रत्येक लिपिक स्वतःचाच आवक-जावक कारकून झाला आहे. मात्र हे काम त्याला कोणी शिकविलेले नाही. परिणामी विषयाची ओळ रिकामी सोडून पत्रे जातात, नाहीतर महिनाभरापूर्वीच्या एखाद्या पत्राला उत्तर देण्याचे बटण दाबून त्यात भलताच मजकूर लिहिला जातो. 'अर्जंट' हा एकच शब्द विषय म्हणून मिरवतो. मार्च अखेरीस हिशेब बंद करताना नेमके तेच पत्र सापडत नाही आणि मग चार माणसे अर्धा दिवस शोधाशोध करीत बसतात.

यावर उपाय सोपा आहे. 'नाशिक गोदाम : भाडेकराराचे नूतनीकरण : शुक्रवारपर्यंत मंजुरी हवी' एवढा विषय लिहिला, की वाचणाऱ्याला पत्र उघडण्यापूर्वीच काम, ठिकाण आणि मुदत कळते. पत्रातील पहिल्या दोन वाक्यांत काय हवे आहे ते सांगावे. कारणे आणि इतिहास त्यानंतर. एका पत्रात एकच विषय असावा, कारण दोन विषय असले की एकाचे उत्तर येते आणि दुसरा कायमचा विस्मरणात जातो.

मराठी माणसाला यात परके काहीच नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, काना-मात्रा-वेलांटी यांची स्वच्छता अशा बारीकसारीक गोष्टींची त्यात चिंता वाहिली आहे. लिहिलेले वाचणाऱ्याला सुखाने वाचता यावे, ही दृष्टी त्यामागे आहे. जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस 'बहुत काय लिहिणे' असे येई. वाचणारा सुज्ञ आहे, त्याचा वेळ मोलाचा आहे, ही जाणीव त्या तीन शब्दांत होती. आज 'प्लीज डू द नीडफुल' असे लिहून माणसे मोकळी होतात. त्यातले 'नीडफुल' म्हणजे नेमके काय, ते कोणी करायचे आणि केव्हापर्यंत, हे लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. अशा वेळी दोन सरळ मराठी वाक्ये अधिक काम करतात.

'सीसी'ची ढाल

कार्यालयीन ई-मेलचा सर्वांत मोठा रोग कोणता, असे विचारले तर अनुभवी माणसे 'सीसी'कडे बोट दाखवतील. पत्र एकाला आणि प्रती चौदा जणांना! यांतील किती प्रती माहितीसाठी असतात आणि किती केवळ स्वतःच्या बचावासाठी? 'मी तुम्हाला कळविले होते' हे उद्या म्हणता यावे, एवढ्यासाठी प्रत पाठविली जाते. जबाबदारी चौदा जणांत वाटली गेली, की ती प्रत्यक्षात कोणाचीच उरत नाही. प्रत्येक जण दुसरा पाहील असे मानतो. लग्नघरात पाहुण्यांना आणायला कोणीतरी गेले असेल असे सगळेच समजतात आणि पाहुणे स्थानकावर ताटकळत राहतात, तसे कार्यालयांत रोज घडते.

सर्वांना उत्तर देण्याची सवय ही याच रोगाची पुढची पायरी. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत चाचणीसाठीचा एक ई-मेल चुकून लक्षावधी कर्मचाऱ्यांना गेला. तो मिळालेल्यांपैकी काहींनी 'मला या यादीतून काढा' असे उत्तर सर्वांनाच पाठविले आणि बघता बघता रुग्णालयांची पत्रव्यवस्था तुंबून गेली. वस्तुतः नियम सोपा आहे. ज्याने कृती करायची त्याचेच नाव 'प्रति' या चौकटीत असावे आणि ते शक्यतो एकच असावे. ज्यांना खरोखर माहिती हवी त्यांनाच प्रत जावी. 'धन्यवाद' आणि 'मिळाले' हे शब्द ज्याचे त्याला कळवावेत.

वेळेचा हिशेब

ई-मेलने वाचविलेला वेळ ई-मेलच खातो, ही तक्रार आता जुनी झाली. ज्ञानाधारित काम करणाऱ्यांच्या आठवड्यातील सुमारे २८ टक्के वेळ ई-मेल वाचण्यात आणि लिहिण्यात जातो, असा मॅकिन्सी संस्थेचा २०१२ मधील अंदाज होता. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ई-मेल पाहण्यास आणि दुसऱ्या आठवड्यात मन मानेल तितक्या वेळा पाहण्यास सांगितले. तीनदाच पाहण्याच्या आठवड्यात त्यांचा मानसिक ताण लक्षणीयरीत्या कमी आढळला.

आपल्या वाडवडिलांना हा प्रयोग करावा लागला नाही, कारण पोस्टमन दिवसातून ठरावीक वेळीच येई. तीच शिस्त आता स्वतःला लावून घ्यावी लागेल. सकाळी काम मार्गी लागल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि निघण्यापूर्वी, अशा तीन वेळा बहुतेकांना पुरतात. मधल्या काळात सूचनेचा आवाज बंद ठेवावा. आलेले पत्र उघडले, की त्याचा निकाल लावावा : दोन मिनिटांचे काम असेल तर तेथेच उत्तर, मोठे असेल तर कामांच्या यादीत नोंद आणि 'बुधवारी कळवितो' एवढी पोच, दुसऱ्याचे असेल तर त्याच्याकडे रवानगी, निरुपयोगी असेल तर कचरापेटी. एकच पत्र पाच वेळा उघडून पाच वेळा तसेच मिटवणे ही आजची सर्वांत प्रतिष्ठित कामचुकारी आहे. दिसते ती व्यग्रता. काम मात्र तसूभरही सरकत नाही.

या प्रश्नाचा एक धागा घरापर्यंत येतो. रात्री नऊ वाजता वरिष्ठांचा ई-मेल येतो आणि जेवणाच्या ताटावर मुलगा, सून किंवा जावई भ्रमणध्वनीत डोके घालतो. हे दृश्य आता पुण्या-मुंबईपुरते उरलेले नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा अधिकार कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच आशयाचे खासगी विधेयक मांडले. कायदा होईल तेव्हा होवो. रात्री सुचलेले पत्र मसुद्यात ठेवून सकाळी पाठविण्यास कोणत्या वरिष्ठाला कोणी अडविले आहे? खरोखर तातडीचे असेल, तर दूरध्वनी आहेच. ज्याच्या घरची माणसे कामाच्या धाकात जेवतात, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा किती काळ करणार?

दस्तऐवज आणि दरोडा

ई-मेल बोलल्यासारखा लिहिला जातो, पण तो हवेत विरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० पासून इलेक्ट्रॉनिक नोंदींना वैधता दिली. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात 'माहिती'च्या व्याख्येतच ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार योग्य प्रमाणपत्रासह तो न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येतो. म्हणूनच रागाच्या भरात लिहिलेले पत्र लगेच पाठवू नये. 'प्रति' ही चौकट रिकामी ठेवून ते लिहावे, रात्रभर तसेच राहू द्यावे आणि सकाळी वाचावे. बहुतेक वेळा त्यातील अर्धा मजकूर आपणच खोडतो. ज्यांना माणसासमोर जे बोलण्याचे धाडस होत नाही, ते पडद्याआडून लिहिण्याची हौस असते, त्यांनी तर हा नियम पाळावाच. व्हॉट्सॲपच्या गटांवर कार्यालयीन निर्णय घेण्याची रीत बोकाळली आहे. तेथे झालेल्या निर्णयाची दोन ओळींची नोंद त्याच दिवशी ई-मेलने केली, तर पुढचे वाद टळतात.

दुसरा धोका दरोड्याचा. गूगल आणि फेसबुक या बलाढ्य कंपन्यांकडून एका लिथुआनियन इसमाने २०१३ ते २०१५ या काळात दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. साधन एकच : ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने पाठविलेले खोटे ई-मेल आणि खोटी बिले. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. जगाची पत्रव्यवस्था चालविणारे जेथे फसले, तेथे पतसंस्थेचा लेखापाल किंवा लहान कारखान्याचा रोखपाल काय करणार? तो एक गोष्ट करू शकतो. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचे पत्र आले, किंवा 'मी बैठकीत आहे, ताबडतोब पैसे पाठव' असा साहेबांचा निरोप आला, तर पैसे पाठविण्यापूर्वी आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करायची. त्या पत्रातच दिलेल्या क्रमांकावर कदापि नाही. आणि अशी खात्री करणाऱ्या कनिष्ठावर साहेबांनी वैतागायचे नाही. त्याचा तो एक दूरध्वनी संस्थेची तिजोरी राखत असतो.

धैर्याचे पत्र

येथे पुन्हा रोशा यांच्या न पाठविलेल्या पत्रापाशी यावे लागते. विषय कसा लिहावा, प्रती कोणाला पाठवाव्यात, दिवसातून किती वेळा पत्रपेटी पाहावी, हे सारे अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात शिकविता येते. मनात आलेले सत्य वरिष्ठांना लिहिण्याचे धैर्य मात्र प्रशिक्षणाने येत नाही. ते कार्यालयाच्या हवेत असावे लागते. पुलाच्या खांबाला तडा दिसलेला कनिष्ठ अभियंता, औषधाच्या साठ्याची मुदत संपल्याचे ध्यानात आलेली परिचारिका, ताळेबंदातील खोट सापडलेला नवखा लेखनिक, यांच्या संगणकांत अशी किती पत्रे मसुद्याच्या कप्प्यात पडून असतील? त्यांचे बोट बटणावर अडते ते एकाच प्रश्नापाशी : साहेबांना काय वाटेल?

या प्रश्नाचे उत्तर साहेबांनीच आधी द्यायचे असते. वाईट बातमी कळविणाऱ्याला पहिले उत्तर 'बरे झाले कळविलेत' असे गेले, की दुसरे पत्र यायला वेळ लागत नाही. पहिले उत्तर 'तुम्हाला कोणी विचारले होते?' असे गेले, तर त्या कार्यालयाची पत्रपेटी कितीही भरलेली दिसो, तिच्यात कामाचे एकही पत्र उरत नाही. कनिष्ठाकडेही आपला वाटा आहेच. धोक्याचे पत्र आडवळणाने, भीडभाड ठेवून, चौदा प्रतींच्या गर्दीत लपवून लिहू नये. काय दिसले, त्याने काय होऊ शकते, कोणता निर्णय हवा आणि केव्हापर्यंत, हे चार ओळींत लिहावे आणि निर्णय घेणाऱ्याच्या नावाने पाठवावे. उत्तर न आल्यास उठून त्याच्या दारात उभे राहावे.

टपालाच्या जमान्यात पत्र पेटीत टाकल्यावर माणूस क्षणभर थांबून पत्ता बरोबर लिहिला होता ना, हे आठवून पाहत असे. आज तो क्षण बटण दाबण्यापूर्वी यायला हवा. आणि ज्या पत्रावर कोणाचे भले-बुरे अवलंबून आहे, ते मसुद्यात ठेवून कोणी घरी जाऊ नये.